झोफीची जिन्यावरची मावशी

इथं पहिल्यांदाच लिहितेय, त्यामुळं चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. या पानावरचे अनुभव मी गेली तीन-चार वर्षं वाचते, पण ते चहाबरोबर, करमणूक म्हणून. वाचून झालं की मिस्टरांना सांगते आणि मग आम्ही दोघं हसतो. भुताखेतांवर आमच्या घरात कुणाचाच विश्वास नाही हो. मी अमावास्येला केस धुते, मिस्टर तिन्हीसांजेला नखं कापतात, आणि लिंबू आमच्याकडं फक्त सरबतासाठी येतं.

आता माझ्याकडंच सांगण्यासारखं काहीतरी आहे... आणि त्यावरही आम्ही हसलोच, पोट धरून हसलो. तरी लिहावंसं वाटलं.

आम्ही धाराशिवला राहतो. मी सुरेखा, एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. मिस्टरांचं, म्हणजे बालाजींचं, कोर्टाकडं जाणाऱ्या रस्त्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. बैठं घर, हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बाहेरच्या अंगानं गच्चीवर जाणारा जिना. चार वाजले की या जिन्यावर छान सावली येते. जे काही झालं ते तिथंच झालं, दिवसाढवळ्या, लोक येत-जात असताना.

आमची मुलगी मृणाल अकरावी झाल्यावर एका एक्स्चेंज प्रोग्रॅममधून सहा महिन्यांसाठी हंगेरीला गेली. त्यातली पद्धत अशी की आपली पोरगी त्यांच्या घरी आणि त्यांची आपल्या घरी. म्हणून मृणालच्या खोलीत आली झोफी. वय सतरा, उंची दारात वाकावं लागेल एवढी, आणि केस कणसाच्या तुऱ्यासारखे. गल्लीत कुणालाच ते नाव जमेना. झोफीची सोफी झाली आणि दोन दिवसांत सोफीची ‘सोपी’. मिस्टर म्हणायचे, “नाव सोपी, पण प्रकरण अवघड दिसतंय.”

अवघड तर अवघड! तिनं मोबाईलवरच्या कुठल्यातरी ॲपवरून मराठी शिकून घेतली होती. पहिल्या दिवशी मी ताट वाढलं तर हात जोडून म्हणते, “मी आपली अत्यंत आभारी आहे.” भाकरी मोडून दिली तरी आभारी, पंखा लावला तरी आभारी. शेंगाची चटणी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं, नाक लाल झालं, आणि तरी म्हणते, “हे अत्यंत रुचकर आहे.” आम्हाला घरात कुणी राज्यपाल आल्यासारखं वाटायला लागलं.

तिकडं मृणालला झोफीच्या आईनं चेरीचं सूप दिलं. तेही गार आणि गोड. “मम्मी, ह्याला सूप म्हणतात इथं,” असं तिनं रडवेल्या तोंडानं सांगितलं, आणि इकडं झोफी फोनमध्ये डोकावून म्हणाली, “त्याचा आस्वाद घ्यावा.”

महिना झाला असेल. मी कॉलेजातून आले, चपला काढत होते, तर झोफी आतून ओरडली, “आलाव का काकू? चा टाकू का?”

मी दारातच थांबले. “आलाव का?” ही आमच्याकडची बोली, कुठल्या ॲपमध्ये असणार? विचारलं, “कुणी शिकवलं गं?”

“मावशी शिकवती,” ती म्हणाली. “जिन्यावर. रोज चार वाजता.”

आमच्या भिंतीला भिंत लागून गोदाकाकूंचं घर आहे. त्यांना मुळीच ऐकू येत नाही, पण बोलायला फार लागतं. मला वाटलं, झकास झालं, एकीला बोलायचंय आणि दुसरीला ऐकायचंय! मी विषय सोडून दिला.

त्यानंतर पोरगी सुटलीच. रुमालाला ‘दस्ती’ म्हणायला लागली. भाजी आवडली तर “लई ग्वाड झालंय.” दुकानातून यायला मिस्टरांना उशीर झाला तर कमरेवर हात ठेवून, “काय करायलाव इतका येळ?” लाईट बिलाचा माणूस आला, त्याला म्हणाली, “बसा की, पाणी प्या.” तो बिचारा मीटर न बघताच गेला. मिस्टर हसून हसून बेजार व्हायचे. म्हणायचे, “सुरेखा, ही आता हंगेरीला जाऊन आईला ‘आगं माय’ म्हणणार बघ.”

मग एक दिवस मी चटणीसाठी मिक्सर लावला होता. झोफी मोबाईलवर तिच्या घरी बोलत होती. तिनं कानावर हात ठेवून मला म्हटलं —

“काकू, त्यो बोंबल्या बंद करा की जरा!”

मी मिक्सर बंद केला.

‘बोंबल्या’ हा शब्द जगात फक्त एक बाई वापरायची, माझ्या सासूबाई. शेवंताबाई त्यांचं नाव. माझ्या लग्नात मिक्सर आला तेव्हा त्यांनी त्याचं नाव ठेवलेलं — बोंबल्या. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. त्याआधी दोन वर्षं त्यांची वाचाच गेली होती. म्हणजे हा शब्द आमच्या घरात सहा वर्षांत कुणी उच्चारलेला नव्हता. तो मिक्सरही आता नाही, हा दुसरा आहे.

मिस्टर म्हणाले, “मृणालनं सांगितलं असेल.” मी लगेच व्हिडिओ कॉल लावला. मृणाल म्हणाली, “अय्या, बोंबल्या! मी तर विसरूनच गेले होते. नाही गं, मी कुणाला नाही सांगितलं.”

मग मी गोदाकाकूंच्या घरी गेले. दाराला कुलूप. समोरच्या बाईंनी सांगितलं, “त्या वाशीला लेकीकडं गेल्यात की, बाळंतपणाला. दीड महिना झाला.”

आता खरं सांगते, तिथून मी जवळजवळ पळतच घरी आले. आल्या आल्या मी सासूबाईंचा हॉलमधला फोटो काढला आणि झोफीसमोर धरला. “ही का तुझी मावशी?”

तिनं नीट बघितला. “न्हाय काकू. ही म्हातारी हाय, आजारी हाय. माझी मावशी तरणी हाय. लई हसती.”

मी हुश्श केलं. पलीकडं नवी अपार्टमेंट झालीये, तिथं नवीन भाडेकरू आलेत, त्यांतलीच एखादी सून असणार. आणि ‘बोंबल्या’ काय, कुणालाही सुचू शकतं. मी फोटो पुसून परत लावला, चटणी केली, विषय संपला.

आता सासूबाईंबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

त्या बोलण्यात पटाईत. परंड्याचं माहेर, आणि गप्पा मारायला लागल्या की एसटीतल्या अनोळखी बाईचं सगळं गोत काढायच्या. अशा बाईला अर्धांगवायूचा झटका आला आणि जीभच गेली. उजवा हातही गेला. राहिला डावा. त्या डाव्या हातानं त्या दिवसातून कितीदा तरी समोरच्या भिंतीकडं बोट करायच्या. तिथं एक जुना, काळा-पांढरा फोटो होता — वर्षाचं बाळ, जावळ काढलेलं, चकोट डोकं, डोळ्यांत भरपूर काजळ, गालावर तीट, लाकडी घोड्यावर बसवलेलं. माझे मिस्टर! सासऱ्यांनी मोठी फ्रेम करून लावलेला. सासरे होते तोवर दर वाढदिवसाला त्या फ्रेमच्या काचेला गंधाचं बोट लावायचे.

त्या बोट दाखवायच्या म्हणून आम्ही मिस्टरांना दुकानातून बोलवायचो. ते धावत यायचे, खाटेपाशी बसायचे. “आई, मी इथंच हाय. हा बघ बाळू.” आणि त्या काय करायच्या? फोटोकडं बोट, मग यांच्याकडं बघून जोरजोरात नकारार्थी मान. नाही, नाही, नाही. मग डोळे मिटून तोंड फिरवायच्या. दोन वर्षं हेच चाललं. शेवटच्या दिवशीही तेच.

मिस्टर कधी बोलून दाखवायचे नाहीत. पण एकदा वर्षश्राद्धाच्या दिवशी म्हणाले, “आई माझ्यावर नाराज होऊन गेली, सुरेखा. का ते मला कळलंच नाही.” त्यानंतर हा विषय आम्ही काढला नव्हता.

तर बोंबल्याच्या प्रकारानंतर आठ-दहा दिवसांनी, रविवारची गोष्ट. दुपारचा चहा चालला होता. झोफी कसलंतरी प्रोजेक्ट करत होती, घरातल्या जुन्या फोटोंचं. मिस्टरांनी कौतुकानं ती फ्रेम खाली काढली आणि म्हणाले, “हे बघ सोपी, हा मी.”

झोफीनं बिस्किट चहात बुडवलं आणि सहज म्हणाली, “न्हाय काका. ह्यो बाळू न्हाय.”

“अगं, मीच आहे तो.”

“न्हाय. मावशी म्हणली, तसबीरवाल्यानं अदलाबदल केली. बाळूची तसबीर परंड्यात हाय. बांगडीवाल्याच्या घरी, किल्ल्याकडं जाताना. ह्यो त्येंचा रफिक हाय.”

बिस्किट चहात पडलं. ती चमच्यानं ते शोधत बसली आणि आम्ही दोघं तिच्या तोंडाकडं बघत बसलो.

मिस्टर आधी हसले. मग फ्रेम हातात घेऊन आरशासमोर गेले, आणि स्वतःच्या कानाकडं बघितलं, मग फोटोतल्या कानाकडं. परत स्वतःच्या. मला हाक मारली, “सुरेखा, इकडं ये गं. ह्याच्या कानाच्या पाळ्या चिकटलेल्या आहेत. माझ्या सुट्या आहेत.”

लग्नाला वीस वर्षं झाली आणि मी नवऱ्याचे कान पहिल्यांदा नीट बघितले. बरोबर होतं!

झोफीला विचारलं, मावशी आणखी काय म्हणाली? तर म्हणे, “एवढंच. मला म्हणली, काका तसबीर दाखवतील तवा सांग. बिगीबिगी सांगू नगं.”

पुढच्या रविवारी आम्ही तिघं परंड्याला निघालो. बार्शीला एसटी बदलली. फ्रेम पिशवीत घालून मिस्टरांनी मांडीवर धरली होती, आणि सबंध रस्ता एकच घोकत होते, “येडेपणा आहे हा. नुसता येडेपणा आहे.” मी विचारलं, मग निघालोय कशाला? म्हणाले, “तुला किल्ला बघायचाय ना?” मला किल्ला अजिबात बघायचा नव्हता. झोफीला मात्र खिडकी मिळाली होती आणि ती शेजारच्या आजींना विचारत होती, “कुठं चाललाव आजी? लेकीकडं का?”

परंड्यात उतरून विचारत विचारत गेलो. बांगड्यांची तीन दुकानं निघाली. दोन नव्या बाजूला. तिसरं खरंच किल्ल्याच्या रस्त्याला, जुनं, आता काच लावून नवं केलेलं. गल्ल्यावर एक गृहस्थ बसले होते. मिस्टरांच्याच वयाचे, पोट सुटलेलं. मिस्टरांनी विचारलं, “आपलं नाव?”

“रफिक. बोला साहेब, चुडा पाहिजे का?”

मी त्यांच्या कानाकडं बघितलं. पाळ्या चिकटलेल्या. मी मिस्टरांना कोपर मारलं.

मिस्टरांनी पिशवीतून फ्रेम काढली आणि सरळ काचेच्या टेबलावर ठेवली. रफिकभाईंनी बघितलं, चष्मा लावून परत बघितलं, आणि आत तोंड करून ओरडले, “अम्मी! ओ अम्मी! जरा बाहर आव!”

आतून पडदा सारून एक म्हाताऱ्या बाई आल्या. बानूबी. डोळ्यांनी कमी दिसत होतं, त्यांनी फ्रेम अगदी नाकाला लावली. मग त्यांचा चेहराच उजळला. “अय्यो, मेरा रफिक! घोडे पे!” आणि आमच्याकडं वळून काय म्हणाव्यात? “शेवंताके घर के ना तुम? इत्ती देर लगाये?”

मी म्हटलं, हो, मी त्यांची सून.

बानूबींनी आम्हाला आत नेलं, सुनेला चहा ठेवायला सांगितला आणि पेटी उघडून एक पाकीट काढलं. पाकीट काढेपर्यंत त्यांचं बोलणं थांबलं नाही. परंड्यात तेव्हा एकच फोटो स्टुडिओ होता. बाजाराच्या दिवशी या दोघी आपापली लेकरं घेऊन बाकावर बसलेल्या. दोन्ही पोरं चकोट, दोघांना काजळ. “पैचानने को नहीं आते थे, बेटा.” तिथंच दोघींची मैत्री झाली. शेवंताबाईंचं लेकरू घोड्यावर बसेना, रडायला लागलं, म्हणून पहिला फोटो कसाबसा काढला, आणि मग त्या स्वतः त्याला कडेवर घेऊन उभ्या राहिल्या. “फोटोवाला बोला, बाई, दात दिसायलेत. उनो बोली, दिखने दे!”

पुढं सासऱ्यांनी धाराशिवहून येऊन पाकीट नेलं ते चुकीचं, आणि आमचं आलं बानूबींकडं. त्यांनी बदलून मागेपर्यंत स्टुडिओवाला दुकान बंद करून गावच सोडून गेला. बानूबींना धाराशिवचा पत्ता माहीत नव्हता. बाईंचा फोटो फेकायचा कसा, म्हणून ठेवून दिला. “एक डाव शेवंता मिली थी बाजार में. मैं बोली, ले जा तेरा फोटो. तो बोली, नक्को गे. मालक को मालूम पड्या तो गुस्सा करतेत. बाईमाणसानं दात काढून फोटो काढला म्हनके. तू संभाल, मैं कभी तो आती.”

माझे सासरे फार कडक होते, हे मलाही माहीत आहे. खरा फोटो आणला असता तर दुसराही बाहेर आला असता. म्हणून त्या जन्मभर भिंतीवरच्या रफिकला बाळू म्हणत राहिल्या. सासरे गेल्यावर कधीतरी येऊ म्हणत राहिल्या असतील, आणि मग जीभच गेली.

बानूबींनी पाकिटातून दोन फोटो काढले. पहिल्यात घोड्यावर बसून भोकाड पसरलेलं बाळ. मिस्टर तो बघून एवढंच म्हणाले, “कान माझेच आहेत.”

मग त्यांनी दुसरा हातात घेतला. बावीस-तेवीस वर्षांची बाई. डोक्यावरचा पदर मागं घसरलेला, कडेवर बाळ, बाळाच्या मुठीत तिचं मंगळसूत्र, आणि ती तोंडभरून, अगदी मनमोकळं हसतेय. मी या बाईंबरोबर सोळा वर्षं एका घरात राहिले. असं हसताना त्यांना कधी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात झोफी माझ्या खांद्यावरून वाकली, आणि टाळी वाजवून म्हणाली, “आगं माय! हीच की माझी मावशी!”

मिस्टर रडले. मग एकदम हसायलाच लागले, डोळे पुसत. “म्हणजे आई मला ‘नाही’ म्हणत नव्हती गं. त्या फोटोला नाही म्हणत होती. हा तू नव्हंस, एवढंच सांगत होती... आणि मी येडा रोज त्याच्याखाली जाऊन बसत होतो!” रफिकभाईंनाही मग सगळं कळलं. त्यांनी विचारलं, “म्हणजे इतकी वर्षं तुमच्या घरी माझा वाढदिवस होत होता? गंध लावून?” मिस्टर म्हणाले, “दर वर्षी.” दोघं पोट सुटलेली माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून जे हसत सुटली, की दुकानातलं गिऱ्हाईक आत डोकवायला लागलं. बानूबींनी मला आणि झोफीला बांगड्या भरल्या. झोफीचा हात मोठा, तिच्या मापाच्या शोधायलाच अर्धा तास गेला. शेवटी किल्लाही बघितला, रफिकभाईंच्या खर्चानं सरबत पिऊन.

ही झाली गोष्ट. आता तुमच्यातले हुशार लोक विचारतील तसं मीही खूप डोकं लावलं. बानूबी धाराशिवला कधी आल्या नव्हत्या. झोफी त्याआधी परंड्याला गेली नव्हती. पाकिटातला फोटो पेटीबाहेर निघाला नव्हता. अपार्टमेंटमधल्या झाडून सगळ्या सुना मी बघून आले, त्यातली एकही त्या फोटोसारखी दिसत नाही, आणि आमच्या जिन्यावर येऊन बसायला त्यांना फुरसतही नाही. मिस्टर आधी काहीतरी लॉजिक लावायचे, आता तेही सोडून दिलंय. झोफीला मात्र यात विशेष काही वाटलंच नाही. परंड्याहून आल्यावर मावशी परत आल्या नाहीत, एवढंच तिला वाईट वाटलं. डिसेंबरात ती गेली आणि मृणाल आली.

मला राहून राहून एक लागून राहिलं होतं. एवढी सोळा वर्षं मी त्यांचं केलं, शेवटची दोन वर्षं हातानं भरवलं, आणि बोलायला त्यांना हंगेरीची पोरगी सापडली? मी काय जिन्याला परकी होते? परवा झोफीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तिला हे विचारलंच, हसत हसतच विचारलं. म्हटलं, मला का गं नाही दिसल्या?

झोफी म्हणाली, “म्या विचारलं हुतं की मावशीला, काकूला बोलवू का म्हणून. तर ती म्हणली, नगं. तिला हाक मारली तर ती म्हणंल, थांबा जरा, दूध उतू जायलंय. करू दे तिला तिचं काम. लई केलंय तिनं माझं.”